98 वरचा साप

रविवार, रात्री पावणेअकरा

आज मी रविवारच्या शब्बाथशाळेतल्या मुलांबरोबर सापशिडीच्या खेळात जिंकले, आणि दुपारपासून घास गोड लागलेला नाही.

पट मीच केला होता. दोन कार्डशीट पाठीला पाठ लावून चिकटवले, फूटपट्टीने शंभर घरं आखली, वेलवेट पेपरचे साप कापले. तीन रात्री गेल्या त्यात. खालच्या घरांत लहान साप: आळस, चहाडी, खोटं. मधे हाव आणि मत्सर. वर राग आणि गर्व. आणि 98 वर सगळ्यात लांब, काळा, शेपूट थेट 28 पर्यंत. त्याच्या डोक्यावर मी पांढऱ्या पेनने लिहिलं, ‘अढी’. मला कुणी सुचवलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला.

नियमही माझाच. सापाच्या तोंडाशी आलात की त्या नावाची स्वतःची एक खरी गोष्ट सांगायची. सांगितली तर तिथेच थांबायचं, साप गिळणार नाही. नाही सांगितली तर सरळ शेपटीपर्यंत खाली. पटाच्या तळाशी योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन लिहिलं होतं, ‘आपण जर आपली पापे पदरी घेतली’, पुढचं मुलांना पाठ आहे. पदरी घेणं हा शब्द मला लहानपणापासून आवडतो. पप्पा म्हणायचे, पाप कबूल करणं वेगळं आणि पदरात घेणं वेगळं, पदरात घेतलं की वजन लागतं.

फासा बघून आपल्या वडीलधाऱ्यांपैकी एकजण गेल्या रविवारीच नाराज झाले होते. क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या झग्यावर चिठ्ठ्या टाकल्या, आणि तुम्ही मंदिराच्या हॉलमध्ये फासा आणता? मी म्हटलं, यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवडही चिठ्ठ्या टाकूनच झाली. शिवाय हा खेळ मुळात आपल्याच मातीतला. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरा आहे; कवड्यांनी खेळायचे, आणि सापांना दुर्गुणांची नावं असायची. इंग्लंडात गेला तेव्हाही सुरुवातीच्या पटांवर सद्गुण-दुर्गुण लिहिलेले होते, पुढे नावं गळाली आणि नुसते साप उरले. मी फक्त नावं परत लिहिली. आपल्या नगरच्या मंडळीत तर हे कुणाला खटकू नये, आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. असं बरंच बोलले मी. बोलायला मला कधीच अडत नाही.

आणि आज अडलं.

आधी त्या मुलाचं लिहिते. दहा वर्षांचा असेल. त्याची सोंगटी ‘खोटं’वर आली. बाकीची मुलं अशा वेळी काहीतरी सोपं सांगतात, गृहपाठ केला नाही आणि केला म्हटलं, तसलं. हा गप्प बसला. कान लाल झाले. मग 36 च्या घरावर बोट फिरवत, तोंड वर न करता म्हणाला, “आई दानाला दहा रुपये देते. मी पाच टाकतो. पाचचा गोळा खातो.” हॉल एकदम शांत झाला. मी म्हटलं, शाब्बास, तू इथेच थांब, सापाने तुला सोडलं. त्याने इतका मोठा श्वास सोडला की समोरचा फासा जरासा हलला असता. त्या क्षणी मला माझ्या पटाचा फार अभिमान वाटला. हे लिहून ठेवायला हवं. अभिमानच वाटला.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या डावाला माझं दान पडलं आणि मी 98 वर.

मुलं ओरडली, टीचर, अढी! टीचर, सांगा! तुमची कुणाशी अढी आहे?

मी म्हणाले, “शेजारच्या मांजराशी. रोज दुधाचं पातेलं पाडतं.”

सगळी हसली. पुढच्या डावाला दोन पडले आणि मी 100 वर पोचले. टाळ्या वाजल्या. त्या एकाने वाजवल्या नाहीत. दप्तर आवरताना माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “पण टीचर, मी खरं सांगितलं होतं.”

एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. माझं काही चुकलं का, असं विचारत होता तो.

दुपारपासून हेच वाक्य चाललंय डोक्यात. मी स्वतःला समजावते आहे की लहान मुलांसमोर घरातल्या गोष्टी कशा काढणार. ते खरंच आहे. दादाचं नाव मी त्या हॉलमध्ये घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या मंडळीत पोचलं असतं. पण नाव न घेताही सांगता आलं असतं. ‘आहे एकाशी, आणि जात नाही माझ्या मनातून,’ एवढं म्हटलं असतं तर मुलांना पुरलं असतं. मग ते का नाही म्हटलं? मांजर इतक्या पटकन कुठून आलं? मला विचारही करावा लागला नाही. मला तेच टोचतंय. सराव असल्याशिवाय इतक्या पटकन येत नाही.

नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जातो आणि त्याला गोष्ट सांगतो. श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी, त्याच्या ताटात जेवणारी, त्याच्या उराशी निजणारी. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने तीच कापली. दावीद संतापतो, हा माणूस मेलाच पाहिजे म्हणतो. आणि नाथान म्हणतो, “तो मनुष्य तूच आहेस.” शब्बाथशाळेत मी ही गोष्ट कितीदा शिकवली असेल. दर वेळी मी नाथानाच्या जागी उभी असते. रूपकाची ताकद हीच की ऐकणारा बेसावध असतो, दुसऱ्याचं समजून ऐकतो आणि स्वतःच्याच दारात येऊन उभा राहतो, असं मुलांच्या पालकांना समजावूनही सांगितलंय मी. पण रूपक रचणाऱ्याला बेसावध कोण गाठणार? त्याला सगळे साप माहीत असतात, कुठल्या घरात काय लिहिलंय ते माहीत असतं. माझं मांजर तयार होतं.

मुलं गेल्यावर हॉल झाडायला घेतला. मे महिन्याची धूळ, दोन झटक्यांत ठसका लागला, डोळ्यांत पाणी. तेव्हा यात्रेकरूच्या गोष्टीतली ती धुळीची खोली आठवली. जॉन बन्यनचं ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’, 1678. आपल्याकडे हरी केशवजींनी 1841 मध्येच ते ‘यात्रिकक्रमण’ नावाने मराठीत आणलं. पाठीवर ओझं घेतलेला ख्रिस्ती नावाचा तो यात्रेकरू अर्थ सांगणाऱ्याच्या घरी जातो. तिथे कधीच न झाडलेली एक मोठी खोली. एकजण येऊन झाडायला लागतो तर धूळ अशी उडते की ख्रिस्तीचा जीव घुसमटतो. मग एक मुलगी पाणी आणून शिंपडते आणि खोली सुखाने झाडून होते. झाडू म्हणजे नियमशास्त्र, पाणी म्हणजे सुवार्ता. आपल्या बायकांना हे कुणी समजावून सांगायला नको, अंगण पाणी शिंपडल्याशिवाय कोण झाडतं? आणि मी मात्र हॉल कोरडाच झाडत होते. थांबले, तांब्या भरून आणला, हाताने शिंपडलं. मातीचा वास आला आणि मला रडू फुटलं.

रडले ते मुलाच्या वाक्यासाठी नव्हतं, हेही लिहिते. स्वतःसाठीच रडले. आईच्या शेवटच्या अकरा महिन्यांत आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कोण नेत होतं? रिक्षात तिचं डोकं कुणाच्या खांद्यावर असायचं? तेव्हा कुणी विचारलं नाही की तू जेवलीस का. आणि बांगड्यांच्या वेळी वहिनी जे बोलली, आणि दादा जे बोलला नाही… जाऊ दे. दरवेळी मीच का पुढे व्हायचं? धाकटी म्हणून? ख्रिस्ती म्हणून म्हणावं तर ते दोघेही ख्रिस्तीच आहेत, दर रविवारी प्रभुभोजन तेही घेतात.

हे वर लिहिलेलं आत्ता परत वाचलं. सगळं खरं आहे, एक शब्दही खोटा नाही. आणि तरी हेच ते. हीच अढी. दोन वर्षांत मी हे इतक्या वेळा मनात म्हटलंय की वाक्यांचा क्रमसुद्धा बदलत नाही. रिक्षा, खांदा, जेवलीस का, बांगड्या.

आंबे पिकायला घालतात त्यालाही अढीच म्हणतात. पेंढा, आंबे, पेंढा, आंबे, वर गोणपाट. अंधारात ठेवायची, ऊब मिळू द्यायची, उगाच उघडायची नाही, अधूनमधून हात घालून चाचपायचं, मऊ झालाय का. पट करताना हे डोक्यात नव्हतं, आत्ता लिहिताना आलं. मी नेमकं तसंच जपलंय. चाचपून बघत आलेय. देवाने काइनाला सांगितलं होतं की पाप दाराशी टपून आहे. माझं दाराशी नाही, आत घेऊन पेंढ्यात निजवलंय मी त्याला.

बन्यनच्या त्याच गोष्टीच्या शेवटी अज्ञान नावाचा वाटसरू आहे. तो चांगला चालत येतो, नदीही पार करतो, नावाडी मिळतो त्याला, फारसे कष्टही पडत नाहीत. स्वर्गनगरीच्या दाराशी येऊन ठोठावतो. आतून विचारतात, तुझा दाखला कुठे? तो छातीशी चाचपडत राहतो आणि काही सापडत नाही. मग त्याला हातपाय बांधून डोंगराच्या कुशीतल्या दाराने आत टाकतात, आणि हे सगळं स्वप्नात बघणाऱ्या बन्यनला कळतं की स्वर्गाच्या दारापासूनही नरकाला वाट आहे. मुलांना हा भाग मी सांगत नाही, घाबरतात म्हणून. आज 100 वर माझी सोंगटी उभी होती आणि मुलं टाळ्या वाजवत होती, तेव्हा मला हा वाटसरू आठवायला हवा होता. रात्री भांडी घासताना आठवला.

एक गोष्ट मात्र इतकी वर्षं वाचूनही आजच लागली. अरण्यात आग्या साप चावून लोक मरत होते तेव्हा देवाने मोशेला काय सांगितलं? साप घालवून देतो, असं नाही म्हणाला. सापच कर, खांबावर लाव, चावलेल्याने त्याच्याकडे बघावं म्हणजे तो जगेल. जे चावलं त्याच्याचकडे मान वर करून बघायचं. आणि प्रभू निकदेमाला सांगतो की मलाही तसंच उंच केलं जाईल. म्हणजे वधस्तंभाकडे बघताना माझी अढीही तिथेच लटकलेली दिसायला हवी, मांजर नव्हे. मी नऊ दिवस वेलवेट पेपरच्या त्या काळ्या सापाकडे बघत होते, कात्रीने त्याची कड नीट केली, डोळ्याला लाल टिकली लावली, आणि त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

पुढच्या रविवारी मुलांना सांगेन की मी खोटं बोलले. दादाचं नाव घेणार नाही. त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगेन की तुझं बरोबर होतं. हे जमेल मला. दादाचं जमेल की नाही ते माहीत नाही. ‘क्षमा केली’ असं आत्ता लिहिलं तर ते दुसरं मांजर होईल.

त्याने पाठवलेले आंबे गेल्या शनिवारपासून कॉटखाली आहेत. घरामागच्या झाडाचे, आईने लावलेल्या. एसटीने आले, मी सुतळीसुद्धा सोडली नव्हती. आत्ता उठून खोकं ओढलं. कच्चे म्हणून पेंढ्यात भरले होते त्याने, खाली-वर नीट थर लावून, आई लावायची तसे. सुतळी कापल्याबरोबर घरभर वास. बेचाळीस निघाले. तीन सडलेत, एकाचा रस शेजारच्या दोघांना लागलाय. ते तीन बाजूला काढले, शेजारचे दोन धुऊन पुसून ठेवले.

दादाला फोन लावला. पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. तिकडे नऊलाच झोपतात, मला माहीत असून मी आत्ता लावला. सकाळी त्याला माझा मिस्ड कॉल दिसेल.

पट टेबलावर उघडाच आहे. माझी सोंगटी 100 वरून उचलून 28 वर ठेवली.