तलवारीचा खांदा उतरवताना

बोथट तलवारीने सराव करताना आपले सगळेच वार बरे वाटतात. पातं जोडीदाराच्या खांद्याला टेकलं की वार झाला. ते बरोबर कडेने टेकलं की जरा आडवं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तो हिशेब भिजवलेल्या चटईच्या गुंडाळीवर होतो. म्हणून कापून बघायचं ठरवलं, आणि त्यासाठी कापणारी तलवार हवी झाली. सरावाचीच तलवार घासून धारदार करावी असं मनात आलं होतं, पण सरांनी तिथल्या तिथे तो विषय संपवला. "तिची कड दीड-दोन मिलिमीटर जाड ठेवलेली असते, आपटायला. ती घासत बसलीस तर पातं संपेल, धार येणार नाही."

खरेदीला लागले तेव्हा पहिली अडचण म्हणजे जाहिरातींची भाषा. 'बॅटल रेडी' हा शब्द सगळीकडे दिसतो. त्याला कुठलंही मानक नाही, तो कुणीही कशावरही छापू शकतो. 'हजारो थरांचं पोलाद' हाही तसलाच प्रकार. जुन्या जपानी भट्टीतून निघणाऱ्या पोलादात कार्बन सगळीकडे सारखा नसायचा आणि मळीही असायची, म्हणून ते घडी घालून घालून ठोकावं लागायचं. आजचं कारखान्यातलं पोलाद मुळातच एकजिनसी असतं. त्याच्या घड्या घातल्या तर नक्षी मिळते, ताकद नाही. नक्षी आवडत असेल तर जरूर घ्यावी, पण ती नक्षी म्हणूनच.

मी विक्रेत्यांना तेच चार-पाच प्रश्न विचारत राहिले. पोलाद कुठलं? कडकपणा किती रॉकवेल? परजेपाशी, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या पट्टीपाशी, पात्याची जाडी किती आणि टोकाजवळ किती? तोल परजेपासून किती पुढे? मुठीच्या आत जाणारी पात्याची शेपटी किती रुंद, आणि मूठ नसलेला फोटो मिळेल का? या प्रश्नांनी गाळणी आपोआप लागते. काहींनी उत्तरादाखल पुन्हा जाहिरातच पाठवली. एकाने तर कडकपणाऐवजी वजन कळवलं. ज्यांना आपला माल माहीत होता त्यांनी मिलिमीटरमध्ये उत्तरं दिली.

पोलादाबद्दल थोडं सांगते, कारण ते आकडे पहिल्यांदा वाचताना गोंधळ होतो. १०४५, १०६०, १०९५ या साध्या कार्बन पोलादांत शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बनचं प्रमाण: १०६० मध्ये साधारण ०.६० टक्के. कार्बन वाढला की धार टिकते, पण पातं ठिसूळपणाकडे झुकतं आणि पाणी देणाऱ्याचं कसब जास्त लागतं. ५१६० मध्ये थोडं क्रोमियम असतं, ९२६० मध्ये सिलिकॉन. दोन्ही मुळात स्प्रिंगची पोलादं, वाहनांच्या पाट्यांना वापरतात तसली. वाकून परत सरळ होणं हा त्यांचा स्वभाव, आणि शिकाऊ हाताला तोच हवा. चुकीच्या कोनात बसलेला वार पात्याला पीळ देतो. जपानी पद्धतीने फक्त धार कडक आणि पाठ मऊ ठेवलेलं पातं अशा वेळी वाकतं आणि वाकलेलंच राहतं. सगळीकडे सारखं पाणी दिलेलं स्प्रिंगचं पातं बहुतेकदा सावरून घेतं. साध्या स्टेनलेसच्या लांब तलवारी भिंतीवर शोभतात. त्यांच्या मुठीत बरेचदा करंगळीपेक्षाही बारीक सळई जोडलेली असते. जोरात वार केला की पातं मुठीतून सुटून कुठे जाईल याचा नेम नाही.

घेतली ती दोन हातांनी धरायची सरळ दुधारी. पातं ९० सेंटिमीटर, वजन १.४ किलो, पोलाद ५१६०, कडकपणा ५० ते ५२ रॉकवेल. आकार निवडताना ब्रिटिश अभ्यासक ओकशॉट यांच्या वर्गीकरणाचा उपयोग झाला. त्यांनी मध्ययुगीन युरोपी तलवारींचे पात्याच्या आकारावरून प्रकार पाडले. निमुळती, जाड, मधोमध उंच कणा असलेली पाती चिलखताच्या फटीत भोसकायला. रुंद, पातळ, चपटी पाती कापायला. मला दुसरी हवी होती. जाडी परजेपाशी साडेपाच मिलिमीटर आणि टोकाकडे दोनच्या जवळ. ही उतरत जाणारी जाडी फोटोत दिसत नाही, पण हातात घेतल्यावर तलवार जड वाटते की चपळ, हे बरंचसं तिच्यावर ठरतं. आणि हो, मागवण्याआधी आपण जिथे राहतो तिथला शस्त्रकायदा वाचून घ्यावा. धार असलेल्या पात्याला बऱ्याच ठिकाणी वेगळे नियम असतात.

तलवार आली ती कारखान्याची धार घेऊन. वर्तमानपत्राचा कागद सरळ कापला. पाणी भरलेल्या बाटल्याही कापल्या. मग चटई. जपानी घरांत जमिनीवर असते त्या तातामीच्या वरच्या थराची, लव्हाळ्याच्या जातीच्या गवताची विणलेली चटई असते. ती घट्ट गुंडाळून, बांधून, रात्रभर पाण्यात बुडवायची आणि निथळून खुंट्यावर उभी करायची. मी वार केला आणि पातं ओल्या ओंडक्यात पाचर बसावी तसं निम्म्यावर अडकून राहिलं. सरांनी त्यांची तलवार दिली, त्याच गुंडाळीवर, त्याच हाताने. आरपार गेली. त्यांची धार अंगठ्याच्या नखावर माझ्यापेक्षा बोथट लागत होती.

"धार बघू नकोस, धारेच्या मागे बघ," सर म्हणाले.

मागे बघायला व्हर्नियर घेतलं. धारेचा उतार जिथे संपून पात्याला मिळतो, तो सांधा म्हणजे खांदा. खांद्यापाशी जाडी ०.९ मिलिमीटर आणि उताराची रुंदी जेमतेम १ मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून कोन पन्नास अंशांच्या आसपास जातो. कागदाला याने काही फरक पडत नाही, कारण त्याला फक्त अगदी टोकाची रेघ लागते. गुंडाळीत मात्र पातं आत शिरलं की गवत दोन्हीकडून दाबतं, आणि प्रत्येक सेंटिमीटरला तो खांदा त्याला ढकलत पुढे जावा लागतो. माझ्या वाराची ताकद कापण्यात कमी आणि ढकलण्यात जास्त जात होती. म्हणजे काम धार 'लावण्याचं' फारसं नव्हतंच. खांदा उतरवायचा होता: कोन पस्तीसच्या आसपास आणायचा आणि उतार पात्यात असा मिसळायचा की मधली ठळक रेघ दिसेनाशी व्हावी.

बेल्ट ग्राइंडरवर हे काम झटपट होतं. मी तो मोह टाळला, आणि पहिल्या धारेला तरी सगळ्यांनी टाळावा असं माझं मत आहे. पातळ कड क्षणात तापते. पोलादावर फिकट पिवळा रंग साधारण २२० अंश सेल्सियसला येतो, निळा ३०० च्या सुमारास. कमी तापमानाला टेंपर केलेल्या, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवलेल्या, पोलादात निळा रंग दिसला की तेवढी धार मऊ पडली असं धरायचं. स्प्रिंगच्या पोलादाचं टेंपरिंगच वरच्या तापमानाला होतं, त्याला थोडी सवलत असते. पण अर्ध्या मिलिमीटरची कड ती सवलतही डोळ्यांदेखत ओलांडते, आणि लांब पात्यावर पट्ट्याचा दाब सगळीकडे सारखा ठेवणं नवख्याला जमत नाही. हाताने घासताना पातं तापत नाही, आणि वेग इतका कमी असतो की थांबायला वेळ मिळतो.

पातं लाकडी फळीवर आडवं ठेवलं, खाली कापड, दोन क्लॅम्प, आणि ज्या कडेवर काम तेवढीच फळीच्या बाहेर बोटभर. हातात सहज न कापले जाणारे मोजे, डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, कारण पोलादाची भुकटी बारीक असते. दुधारी तलवारीत एक कड घासताना दुसरी आपल्याकडे तोंड करून असते, हे लक्षात ठेवावं लागतं. मी तिच्यावर फाटलेला रबरी पाइप चिरून बसवला होता.

सगळ्यात कामाचं साधन म्हणजे काळा मार्कर. उतार आणि त्यामागची बोटभर जागा काळी करायची, कानस दोन-चारदा फिरवायची आणि बघायचं. शाई नुसती धारेशी गेली तर हात फार उभा आहे, नुसती खांद्याच्या मागची गेली तर फार आडवा. खांद्यावरची शाई जाऊन धारेवरची राहिली तर बरोबर, कारण सध्या खांदाच उतरवायचा आहे. कानस बारीक दातांची घेतली. चांगली कानस साठच्या पुढे रॉकवेल असते, पातं पन्नासला, म्हणून ती धरते, पण कुरकुरत धरते. ती सहज घुसत असेल तर पातं मऊ आहे आणि नुसतीच घसरत असेल तर फार कडक. पाणी नीट दिलंय की नाही याचा अंदाज असा फुकटात मिळतो.

दोन्ही बाजू सारख्या घासायच्या, नाहीतर धारेची रेघ मध्यापासून सरकते आणि पातं वार करताना एका अंगाला ओढतं. मी पात्याचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला मोजून हात मारले, मग बाजू पलटली. परजेजवळचा वीतभर भाग सोडूनच दिला. तिथे कापायचं नसतं, तिथे समोरची तलवार अडवतात, आणि जाड कड तिथे बरी. उलट शेवटच्या तिसऱ्या हिश्शावर सगळा जीव लावला. कापणारी जागा नेमकी कुठे, ते शोधायची एक युक्ती आहे. तलवार सैल हाताने उभी धरायची, मुठीच्या टोकावर तळहाताने थाप मारायची आणि पात्याकडे बघायचं. पातं थरथरतं, पण पुढच्या भागात एक जागा जवळजवळ स्थिर दिसते. वार तिथे लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत. टोकाची गोलाई हे सगळ्यात कंटाळवाणं काम. तिथे कोन सतत बदलतो, कानस वळवत न्यावी लागते आणि घाई केली की टोकाचा आकारच बिघडतो.

कानशीनंतर वॉटर पेपर: २२०, ४००, मग ६००. तो कडक ठोकळ्यावर न गुंडाळता संगणकाच्या माऊसखालच्या मऊ पॅडवर गुंडाळला. पॅड दाबला जातो, कागद कडेभोवती किंचित वळतो आणि उतार सपाट न राहता हलका फुगीर होतो. खांद्याची उरलेली रेघ इथे विरघळते. फुगीर उताराचा आणखी फायदा म्हणजे धारेला मागून आधार मिळतो, ती सपाट पातळ धारेसारखी पटकन दुमडत नाही. कागद पात्याच्या मध्याकडून धारेकडे ओढायचा, परत आणताना उचलून आणायचा. उलट ओढला तर पॅडसकट कापला जातो आणि त्यामागे बोटं असतात.

४०० वर असताना धारेच्या पलीकडच्या बाजूला बर उठला, म्हणजे घासून दुमडलेली पोलादाची पातळ कड. पात्याच्या मध्याकडून कडेकडे अंगठा फिरवला की तो बारीक ओठ अडखळतो. बर सगळ्या लांबीत सलग लागला म्हणजे दोन्ही उतार कडेपर्यंत पोचले. मग दाब कमी करत बाजू पलटत राहायचं, म्हणजे तो झिजून जातो. शेवटी लाकडावर चिकटवलेल्या कातड्यावर पॉलिशची हिरवी पेस्ट लावून थोडे हात. १००० किंवा २००० पर्यंत चकाकी आणता येते, पण मी ६०० नंतर थांबले. गवताच्या धाग्यांना किंचित खरखरीत धार जास्त चांगली लागते, निदान माझ्या हातात तरी. यावर आमच्या वर्गातच दोन तट आहेत.

पुन्हा चटई. या वेळी पातं गेलं, पण खरा उपयोग कापलेल्या बुंध्याचा झाला. काप सपाट असेल तर पात्याची दिशा आणि वाराची दिशा एक होती. माझा पहिला काप वाटीसारखा खोलगट, म्हणजे पातं आत असताना मनगट फिरलं. जाड खांद्याने हे इतके दिवस झाकून ठेवलं होतं, कारण अडकलं की दोष धारेला देता येत होता. आता धार ठीक आहे, आणि वरचा वार सरळ जातो तेव्हा खालून वर येणारा वाकडा जातो, हे बुंध्यावर स्पष्ट दिसतं.

सत्राआधी मूठ आणि परज हलवून बघते. बारीक खडखड आली तर त्या दिवशी तलवार म्यानातच. तलवारीच्या फेरीच्या आत कुणी उभं नसतं, मागेही नाही. सत्र संपल्यावर, गप्पा सुरू होण्याआधी, पातं कोरडं पुसून मिनरल ऑइलचा अगदी पातळ हात. कार्बन पोलादावर चटईचं पाणी आणि बोटांचा घाम लवकर डाग पाडतात. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवायचं नाही, चामडं ओल धरून ठेवतं.

धार पुन्हा काढायची वेळ फार क्वचित येते. कागद अडखळायला लागला की कातड्यावरचे हात बहुतेकदा पुरतात, फार तर ६०० चा कागद. गुंडाळीच्या आत घातलेल्या बांबूला लागून खाच पडली तर ती पूर्ण जाईपर्यंत सगळी कड घासत बसत नाही, कारण एका खाचेसाठी अख्ख्या पात्याची रुंदी जाते. खाचेच्या दोन्ही कडा गोलसर करते म्हणजे तिथून तडा पुढे जात नाही, आणि ती सोडून देते. पुढच्या दोन-तीन धारांत ती आपोआप उथळ होते.