घरून सर्वांचा नमस्कार

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून पाठवा, असा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी मंडईत होतो. पिशवी तिथल्याच कट्ट्यावर टेकवली आणि निरोप तीनदा वाचला. शाळेबद्दल लिहायचं तर हेडसरांच्या शिस्तीबद्दल, पिंपळाखाली भरणाऱ्या पाचवीबद्दल, रुळाच्या तुकड्यावर पडणाऱ्या घंटेबद्दल लिहायला हवं. ते बाकीचे लिहितील. मला बाईंबद्दल लिहायचं आहे. शाळेत बाई बऱ्याच होत्या, पण आडनाव न लावता नुसतं 'बाई' म्हटलं की त्या मराठीच्याच, हे १९८३ च्या दहावीच्या मुलामुलींना सांगायला नको.

पत्रलेखन सगळ्याच शाळांत शिकवायचे. मायना पाठ करायचा, तारीख उजवीकडे, 'कळावे' शेवटी. आईवडिलांना तीर्थरूप, इतर मोठ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद. बाईंनीही ते करून घेतलं, पण त्याआधी फळ्यावर एकच ओळ लिहिली होती : 'पाकीट कोण फोडणार?' आणि ती वर्षभर पुसू दिली नाही. फळा पुसायची पाळी माझी असायची, म्हणून मला पक्कं आठवतं. ती ओळ सोडून बाकीचा फळा पुसायचा.

आठवी सुरू झाली तेव्हा वळवाच्या वाऱ्याने आमच्या आळीतल्या दोन घरांचे पत्रे उडाले होते. बाई म्हणाल्या, हेच चौघांना कळवा. मामाला पत्र, तलाठ्याला अर्ज, वर्तमानपत्राला बातमी आणि मुंबईला तार. आम्ही पहिल्या तिन्ही ठिकाणी एकच मजकूर घातला, वर फक्त मायना बदलला. बाईंनी वह्या परत केल्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तलाठ्याला तुमच्या आईच्या डोळ्यातलं पाणी नको आहे. त्याला तारीख, घराचा नंबर आणि किती पत्रे गेले ते हवं आहे, कारण त्याला पंचनामा लिहायचा आहे. मामाला पत्र्यांचा आकडा नको. त्याला त्या रात्री तुम्ही कुणाच्या घरी निजलात ते सांगा. तारेत शब्दाला पैसे पडायचे, म्हणून आम्ही काटकसर करून 'छप्पर उडाले पैसे पाठवा' लिहिलं होतं. बाईंनी त्याच्या आधी लाल पेन्सिलीने दोन शब्द घातले, 'सर्व सुखरूप'. "तार उघडणाऱ्याचे हात कापत असतात. आधी त्याचे हात थांबवा, मग पैसे मागा." पुढे तारच बंद झाली, १५ जुलै २०१३ ला. ते दोन शब्द मात्र मी नोकरीभर वापरले.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं, १६७३ च्या सुमाराचं पत्र बाईंनी आम्हाला वाचून दाखवलं होतं. अभ्यासक्रमात असो-नसो, त्यांनी वाचलंच असतं. राजा सैन्याला हुकूम सोडतोय, पण भारी शब्द एकही नाही. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेला लुबाडाल. कुणी चूल पेटवील, कुणी तंबाखू ओढील, कुणी दिवा तसाच ठेवील आणि उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवत पेटेल. बाई त्या उंदराशी थांबल्या. म्हणाल्या, छावणीतल्या माणसाला 'अग्निसुरक्षा' कळत नाही, उंदीर कळतो.

आता मुख्य गोष्ट. इतकी वर्षं ही मी कुणाला लिहून दिलेली नाही.

कोयनेचा भूकंप झाला त्या ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी अकरा दिवसांचा होतो. म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत. आपल्या खोऱ्यातलं घर म्हणजे एक माणूस मुंबईत आणि बाकीचे मनीऑर्डरीच्या वाटेकडे डोळे लावून. शेजारच्या काकींचे मालक गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते, लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. फेब्रुवारीत मनीऑर्डर आली नाही. काकी पंधरा पैशांचं कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. "लिव्ह बाबा, तू शाळंत जातूस."

त्याच आठवड्यात आम्ही अर्ज शिकलो होतो. मी एका दमात लिहिलं : 'सा. न. वि. वि. आपणांस कळविण्यात येते की, गिरण्या बंद असल्याने आपले मुंबईत राहणे खर्चाचे आहे. तरी आपण त्वरित गावी निघून यावे, ही नम्र विनंती. कळावे.' मोठ्याने वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, "ब्येस लिव्हलंस." कार्ड घेतलं आणि देवळीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते तिथेच. तिसऱ्या दिवशीही. मी ते मागून घेतलं आणि बाईंना दाखवायला शाळेत नेलं, कारण त्यात एकही चूक नव्हती.

बाईंनी मधल्या सुट्टीत कार्ड वाचलं. पाठपोट केलं, पुन्हा वाचलं.

"काकी असं बोलल्या?"

मी गप्प.

"काका किती शिकलेत?"

"चौथी."

"मग 'त्वरित' आणि 'नम्र' त्यांना कोण वाचून दाखवणार? आणि हे उघडं कार्ड. खोलीवर किती माणसं आहेत?"

पंधरा-वीस असतील, मी म्हणालो.

"संप चालू आहे. सगळे एकमेकांना धरून बसलेत. आणि एकाची बायको कार्डावर लिहिते, निघून या. ते आधी दुसऱ्याच कुणाच्या हातात पडलं, तर त्या माणसाने खोलीत मान वर कशी करायची?"

हे मला सुचलंच नव्हतं. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी सांगतो, लिहिण्याबद्दल त्याहून मोठं मला पुढे कुणी काही शिकवलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई माझ्याबरोबर काकींच्या घरी आल्या. पिशवीत एक कोरं आंतरदेशीय होतं, घडी घालून चिकटवायचं. काकी जोत्यावर हुलगे निवडत बसल्या होत्या. बाईंनी पत्राचा विषयच काढला नाही. समोर बसल्या, सुपातले मूठभर हुलगे आपल्या पदरात घेतले आणि खडे काढू लागल्या. मला फक्त नजरेने सांगितलं, लिही.

काकी बोलत राहिल्या. म्हस आज-उद्या व्याईल. थोरल्यानं बांध घातला, एकट्यानं. जोंधळं शिमग्यापतुर पुरत्यात, चिंता न्हाई. धाकटीला दात आला. ती आता दाराकडं बघून 'बाबा' म्हणती, कुणी बी आलं तरी. पैकं नसलं तर नसूंदे, माणूस धड असूंदे.

मी उतरवून घेतलं, जसं बोलल्या तसं. जोडाक्षर टाळता येईल तिथे टाळलं, अक्षर मोठं काढलं. वर काय लिहायचं, तिथे अडलो. काकी नाव घेणार नाहीत आणि 'प्रिय' तर त्या दारात शोभलं नसतं. बाई म्हणाल्या, "लिही, घरून सर्वांचा नमस्कार."

मी हळूच विचारलं, "बाई, गावी या असं कुठं लिहू?"

बाईंनी कागद एकदा खालपर्यंत पाहिला. "लिहिलंस की," म्हणाल्या.

शिमग्याला काका आले. सदऱ्याच्या खिशात ते आंतरदेशीय होतं. घड्यांवर कागद इतका विरला होता की उघडताना जपावं लागायचं. आईने काकींना विचारलं, कुणाकडून लिहून घेतलं एवढं चांगलं? काकी म्हणाल्या, "म्याच लिव्हलं. पोरानं निस्तं उतरवलं." मला ते लागलं. सोमवारी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी वही मागून घेतली, मागच्या पानावर तारीख घातली आणि खाली 'उत्तम' लिहिलं. अडीच वर्षांत त्यांनी मला दिलेलं ते एकमेव 'उत्तम'. वही अजून माझ्याकडे आहे.

मी १९८९ मध्ये महसूल खात्यात लिपिक म्हणून लागलो आणि गेल्या ३० नोव्हेंबरला तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. छत्तीस वर्षं लिहिण्यातच गेली : टिपणी, मसुदा, ज्ञापन, परिपत्रक, कारणे दाखवा नोटीस. राजभाषा अधिनियम १९६४ चा, आणि त्यानंतर घडवलेल्या कचेरीच्या मराठीला नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ठेवणार नाही. 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिल्याने नस्ती, म्हणजे फाइल, दहा वर्षांनी उघडणाऱ्या कारकुनाला मागचा धागा सापडतो. अर्धशासकीय पत्र मात्र नावाने लिहायचं असतं, माणसाने माणसाला. तिथेही लोक 'आदेशान्वये' घुसडतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून स्मरणपत्रं काढत बसतात. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मसुदा शिकवायला मला दोन वर्षं बोलावलं. दोन्ही वेळा मी फळ्यावर बाईंची ओळ लिहून सुरुवात केली.

एक गोष्ट बाईंनी मायन्यातली काढून टाकायला लावली होती. विधवा बाईच्या नावामागे 'गं. भा.' लिहायचं नाही. "पत्र तिला आहे. तिच्या नवऱ्याच्या मरणाला नाही." मी माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही पत्रात ते जाऊ दिलं नाही, श्रीमती केलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा मी सांगली जिल्ह्यात नदीकाठी नायब तहसीलदार होतो. रिक्षावरून गावोगाव सांगायचा मजकूर माझ्यापुढे आला : 'पाणीपातळीत होत असलेली वाढ विचारात घेता पूरप्रवण क्षेत्रातील नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.' चूक एकही नव्हती, माझ्या त्या कार्डासारखीच. बाहेर धो धो पाऊस, भोंग्याचा आवाज अर्धा वाऱ्यावर जाणार आणि ऐकणार कोण, तर दारात उभी राहिलेली म्हातारी. मी कागद उलटा करून लिहिलं : 'पाणी आज रात्री गावात येणार आहे. दावणीची जनावरं आत्ता सोडा. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी शाळेत आणा. शाळेत जेवण आहे.' साहेबांनी विचारलं, ही काय सरकारी भाषा झाली? मी म्हटलं, साहेब, पहिला कागद नस्तीला लावू, तो तिथे बरोबर आहे. हा रिक्षाला देऊ. त्यांनी दोन्हींवर सही केली. शाळेत आलेल्यांचे नातेवाईक पुण्या-मुंबईहून फोन करायचे, लागायचे नाहीत. पोरांनी त्यांना मोबाइलवर निरोप धाडले. प्रत्येक निरोप कसा सुरू करायचा ते मी सांगितलं होतं : सर्व सुखरूप.

वडील १९९६ ला गेले. सांत्वनाची पत्रं बरीच आली, 'ईश्वरेच्छा बलीयसी' आणि 'आपल्या दुःखात सहभागी' अशी. बाईंचं कार्ड पाच ओळींचं होतं. त्यातली एक ओळ : 'तुझे वडील पालकसभेला यायचे तेव्हा चपला वर्गाबाहेर काढून आत यायचे.' मी ते कार्ड आईला वाचून दाखवलं. चौदा दिवसांत ती पहिल्यांदा मोकळं रडली.

आता कुणी गेलं की एका मिनिटात 'भावपूर्ण श्रद्धांजली' पन्नास वेळा खालीखाली चिकटत जाते, हात जोडलेल्या चित्रासह. गेलेल्या माणसाबद्दल त्यात एक अक्षर नसतं. मला ते पाहवत नाही. भाचीची मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या पत्रात वर ई-मेल आयडी, विषय, सगळं डावीकडे. त्याला माझी हरकत नाही, तार गेली तसे मायनेही जातील. पण मी तिला विचारलं, हे पत्र वाचणार कोण? ती म्हणाली, "तपासणारे." शाळेत आज मराठी शिकवणाऱ्या सर-बाईंना माझी कळकळीची विनंती आहे, तेवढी एक ओळ फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या.

बाई आता मुलीकडे असतात. नजर फार अधू झाली आहे, स्मरणिका छापून आली तरी त्यांना वाचता येणार नाही. म्हणून हे मनोगत संयोजकांना देण्याआधी मी त्याची एक प्रत त्यांच्यासाठी हाताने काढली. त्यांना वाचून दाखवायला नात आहे. ती इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी अडखळत, बोट ठेवून वाचते. तेव्हा अक्षर मोठं काढलं, दोन ओळींत अंतर सोडलं, आणि जोडाक्षरं जिथे टाळता आली तिथे टाळली. पाकीट ती फोडणार आहे.