दिवे घाटातले चतुर

आळंदीहून निघालो तेव्हा इंद्रायणीवर पांढरा फेस होता. काठाच्या गवतावर एकाच जातीचे चतुर, लहानखुरे, केशरी पंखांचे. घाण पाण्यातही ते तग धरतात. नदीकाठी नुसते तेच दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात. पाणी नासलं की बाकीच्या जाती आधी नाहीशा होतात.

दिवे घाटात मात्र जीव हरखला. वडकी मागे पडली, खाली मस्तानी तलाव दिसू लागला आणि पताकांच्या वर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे! कुठे टेकत नव्हते. यांचे मागचे पंख बुडाशी चांगले रुंद असतात, त्यामुळे फारशी फडफड न करता वाऱ्यावर तरंगत राहतात. शेजारचे परभणीकडचे आजोबा टाळ न थांबवता म्हणाले, "माउली, चतुर खाली आले बघा. पाऊस आलाच." सासवड यायच्या आत आम्ही चिंब.

हे चतुर पावसाळी वाऱ्यांबरोबर येतात, असं अभ्यासक मानतात. पावसानं भरलेल्या डबक्यात अंडी घालायची, डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं. मासे नसलेलं उथळ, कोमट पाणी त्यांना मानवतं. साधारण सहा आठवड्यांत पिल्लाला पंख फुटतात. तोवर ते पाण्यातल्या डासांच्या अळ्यांवर ताव मारतं. त्याचा खालचा ओठ घडीचा असतो, तो झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडतं. पुढे ऑक्टोबरपासून यांचे थवे मालदीववर दिसू लागतात आणि तिथून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं. बोटभर जीव, आणि खाली नुसता समुद्र! मला तर हात जोडावेसे वाटतात.

सासवडच्या मुक्कामी आमच्या दिंडीच्या ट्रकपाशी एक मादी दिसली. धुतलेल्या काळ्या बॉनेटवर शेपटीचं टोक टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. चकचकीत पत्र्यावरून उजेड पाण्यासारखाच परततो आणि ती फसते. अंडी तिथंच वाळून जातात. ड्रायव्हरदादांना दाखवलं तर त्यांनी मुकाट्यानं घोंगडं आणून बॉनेटवर पसरलं.

वाटेत कितीतरी डबकी मुरूम टाकून बुजवलेली होती. रस्ता हवा, आम्हीच त्यावरून चालतो. पण शेताकडेचा खोलगट तुकडा तरी मोकळा राहू द्यावा. वाल्ह्याच्या तळाजवळ असंच एक डबकं शिल्लक होतं. कपडे धुवायला निघालेल्या मावशींना म्हटलं, "माउली, यात साबण नको, पिल्लं आहेत." एकीनं वाकून पाहिलं, गढूळ पाण्यात हललेलं काहीतरी तिला दिसलं असावं. "अगं बाई, खरंच की," म्हणत त्या सगळ्या बादल्या घेऊन टँकरकडे वळल्या.