धरणफुटी, संगणकावरची
आज ड्युअलस्फिजिक्स या पाण्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर धरणफुटीची चाचणी चालवली. टाकीच्या एका टोकाला पाण्याचा ठोकळा, मध्ये खांब. पाणी सुटतं, खांबावर आपटून उसळतं. हे सॉफ्टवेअर ज्या एसपीएच पद्धतीने चालतं, तिच्यात गणितासाठी जागेचे छोटे कप्पे पाडणारी जाळी नसतेच. पाणी म्हणजे नुसते कण. प्रत्येक कण जवळच्या शेजाऱ्यांवरून आपली घनता, दाब ठरवतो. म्हणून लाट फुटली, थेंब उडाले तरी गणित अडत नाही. आणि १९७७ मध्ये ही पद्धत निघाली ती ताऱ्यांच्या अभ्यासासाठी, पाण्यासाठी नव्हे!

कणांमधलं अंतर निम्मं केलं की कण आठपट, गणित ज्या छोट्या पावलांनी पुढे सरकतं तो वेळेचा टप्पाही निम्मा, म्हणजे काम सोळापट. वेळ लागला खरा, पण खांबामागे दोन्हीकडून येऊन भिडणारं पाणी काय सुंदर दिसलं! उद्या दाबाचे आलेख प्रयोगातल्या मोजमापांशी ताडून बघायचेत.