सांता क्रिस्तिनाच्या पायऱ्या

स्पेनमध्ये सांतियागोच्या पायी यात्रेला निघाले होते. लेओन शहर सोडल्यानंतरचे दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. ला रोब्ला, पोलादुरा, मग पाहारेसची खिंड, १३७८ मीटर, दाट धुकं. खिंडीनंतरचा उतार मात्र पाय विसरलेले नाहीत. चढणीवर तग धरलेला फोड उताराला फुटतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात, टाच सोलवटते. जपमाळेचं तिसरं दशक, म्हणजे दहा ‘नमो मरिया’ प्रार्थनांचा तिसरा संच, चालू होता आणि ‘नमो मरिया’च्या मध्येच मी कण्हत होते. पुढचा एक जण मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून चालला होता. त्याचा इतका राग आला की ते दशक पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

कांपोमानेसच्या पुढे एका घराच्या ओट्यावर बसले, बूट काढला. मोजा रक्ताने चिकटला होता. दारातल्या आजींनी पाहिलं, काही न विचारता आत गेल्या आणि कोमट मिठाच्या पाण्याचं घमेलं घेऊन आल्या. मला वाटलं, ठेवून जातील. त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या, माझा पाय हातात घेतला, मोजा भिजवत भिजवत सोडवला. मी ‘नको, नको’ म्हणत होते, मराठीतच. त्यांनी पाय सोडला नाही. वसईला दर पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, ते मी लहानपणापासून बाकावर बसून पाहत आले. आपला पाय दुसऱ्याच्या हातात असतो तेव्हा मान वर करवत नाही, हे त्या दुपारी कळलं. पट्टी बांधून झाल्यावर आजींनी टेकडीकडे बोट केलं. सांता क्रिस्तिना.

पुन्हा चढ! चिडत, लंगडत गेले. खाली रेल्वे, महामार्ग, आणि वर हे एवढंसं चर्च. नवव्या शतकाच्या मध्यातलं, उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियासच्या राजांच्या काळातलं. आमच्या वसईतल्या पोर्तुगीज चर्चेसच्याही सातशे वर्षं आधीचं. मधे एक लांबट दालन आणि त्याच्या चारी बाजूंना एकेक चौकोनी खोली. दगडी छताची कमान भिंतींना बाहेर ढकलते, म्हणून बाहेरून सगळीकडे दगडी टेकू. तरीही ती कमान मधल्या काळात कोसळलीच. आजची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली.

आत वेदी उंचावर, दोन्ही बाजूंनी पायऱ्या. समोर संगमरवरी खांबांवरच्या तीन कमानी, त्यांच्यावर दगडी जाळ्या. मधल्या कमानीखाली कोरीव शिळांचा कठडा. या शिळा चर्चहूनही जुन्या, दुसऱ्या कुठल्या तरी देवघरातून आणलेल्या. एकीवर फ्लाइनुस नावाच्या मठाधिपतीने प्रेषित पेत्र आणि पौल यांच्या सन्मानार्थ केलेलं अर्पण कोरलंय. बांधणाऱ्यांनी ते पुसलं नाही, थेट वेदीसमोर बसवलं. याबद्दल मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

स्पेनमधल्या जुन्या हिस्पानी उपासनेत भाविक आणि वेदी यांच्यात असा आडोसा ठेवत. मला तो टोचला. इतकं चालून आल्यावर प्रभूने जवळ असावं असं वाटतं. त्या तीन कमानींकडे बघत राहिले आणि डोळ्यांपुढे आल्या त्या घमेल्याशी बसलेल्या आजी. रडू आलं. मग राहिलेली दोन दशकं तिथेच उभ्याने पूर्ण केली.

चाकराला, म्हणजे सांतियागोच्या संत याकोबाला, भेटून धन्याला, म्हणजे तारणाऱ्या प्रभूला, विसरू नये म्हणतात, म्हणून आधी ओव्हिएदो. तिथल्या कॅथेड्रलमध्ये साल्व्हादोरचं, म्हणजे तारणाऱ्याचं, दर्शन झालं, यात्रेच्या पुस्तिकेवर शिक्का घेतला. टाच अजून ओली होती. नवी पट्टी बांधून सांतियागोची वाट धरली.