मान्सानोचं शुद्धलेखन

मंगळवार, रात्री उशिरा

आज वर्गात हुआन फ्रान्सिस्को मान्सानो सुरू केला. क्युबातला गुलाम, घरकामाला ठेवलेला. हवानातल्या दोमिंगो देल मोन्ते या धनिक साहित्यरसिकाने सुचवलं म्हणून 1835 च्या सुमारास त्याने आपली कहाणी लिहिली. लिहायला कुणी शिकवलं नव्हतंच. मालकाने टाकून दिलेले कागद जमवायचे आणि त्यावरची अक्षरं गिरवायची. मालकाची मनाई होती, तरी गिरवत राहिला.

मी मुद्दाम दोन पानं त्याच्या मूळ लेखनात दिली. 'बे' (b) आणि 'उवे' (v) या सारख्याच उच्चाराच्या अक्षरांची अदलाबदल, मुका 'आचे' (h) गायब, शब्द एकमेकांना चिकटलेले, पूर्णविराम औषधापुरते. शाळेत नेटाने स्पॅनिश शिकलेली, व्याकरण तोंडपाठ असलेली इथली अमेरिकन मुलं पार अडखळली. मागच्या बाकावरची, घरी आईशी डोमिनिकन वळणाचं स्पॅनिश बोलणारी मुलगी मात्र घडाघडा वाचत सुटली. डोळ्यांनी वाचायला गेलं तर गोंधळ, मोठ्याने म्हटलं की सगळं लागतं!

आणि माझ्या टेबलावर तिचा निबंध पडलाय, लाल शाईने माखलेला. चुका? 'बे', 'उवे' आणि 'आचे'. शुद्धलेखनाचे गुण विभागाने ठरवलेत, ते काही माझ्या हातात नाहीत. असते तरी सरसकट माफ केले असते असं नाही. उद्या तिला याच भाषेत नोकरीचे अर्ज करायचेत, आणि ते वाचणारे मान्सानो वाचलेले नसणार.

लाल शाई त्याच्यावरही फिरलीच. सुआरेस इ रोमेरो या लेखकाने 1839 मध्ये त्याचा मजकूर 'सुधारून' काढला. 1840 मध्ये रिचर्ड मॅडन या आयरिश गुलामगिरीविरोधकाने लंडनला इंग्रजी अनुवाद छापला, तोही काटछाट करून, मान्सानोचं नाव न घालता. त्याचं स्पॅनिश त्याच्या लेखनासकट छापून यायला 1937 उजाडलं. दरम्यान 1844 मध्ये क्युबात गुलामांच्या उठावाच्या कटाच्या संशयावरून धरपकड झाली, तीत त्याला तुरुंगात टाकलं. सुटल्यावर त्याने काही लिहिल्याचं दिसत नाही. हे सगळे सुधारक त्याच्या बाजूचे होते, गुलामगिरीच्या विरोधातले, हे मला जास्त खुपतं. (दलित आत्मकथनांच्या भाषेला नाकं मुरडणारे आपल्याकडचे निदान उघड विरोधक तरी होते.)

पुढच्या आठवड्यात कोलंबियाचा काळा कवी कांदेलारियो ओबेसो. हा उलट टोकाचा. 'ऑथेल्लो'चा स्पॅनिश अनुवाद करणारा, भाषांचा पक्का माणूस. पण 1877 च्या त्याच्या कवितांत माग्दालेना नदीवरचे काळे नावाडी बोलतात ते त्यांच्याच उच्चारात, आणि तसंच छापलेलं. त्याला प्रमाण स्पॅनिश येत होतं, म्हणून त्याच्या 'अशुद्ध' ओळींना प्रयोग म्हणतात. हाच मुद्दा मुलांपुढे ठेवायचाय, आणि त्या दिवशी निबंध परत द्यायचे नाहीत.