चांगो ते सुमदो: गाडीत काढलेली एक रात्र

हिमाचल प्रदेशात स्पितीच्या वाटेवर चांगो गाव मागे टाकून सुमदोकडे निघालो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. फेब्रुवारी महिना, बर्फ भुरभुरत होता. दोन वळणांनंतर पुढचा पिकअप थांबला. त्याच्यापुढे दरड कोसळली होती. मागे वळावं तर तिकडेही दगड सुटायला लागलेले. गाडीत आम्ही दोघंच, मी आणि मामा. मामांनी एसटीत तीस वर्षं कसारा घाट केलेला. ते इतकंच म्हणाले, "रात्र इथंच काढायची असं धरून चाल."

स्पितीला निघण्याआधी नाशिकला आमच्या गॅरेजवाल्या काकांनी रेडिएटर पूर्ण रिकामा केला होता. आपल्याकडे पाणी कमी झालं की आपण नळाचं ओततो आणि काही बिघडत नाही. तेच पाणी इथे गोठून फुगतं आणि इंजिनच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. काकांनी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हे मिश्रण उणे 35 अंशांपर्यंत गोठत नाही. आमची गाडी पेट्रोलची. डिझेलवाल्यांनी मैदानातलं डिझेल टाकीत घेऊन वर येऊ नये, कडाक्याच्या थंडीत त्यातलं मेण गोठतं आणि फिल्टर चोंदतो.

अंधार पडल्यावर मामा म्हणाले, "आधी सायलेन्सर मोकळा कर, मग हीटर लाव." फावडं डिकीत होतं, आणि डिकीचं रबर गोठून दार चिकटलेलं. मागची सीट पाडून, बॅगा उपसून आतून हात घातला तेव्हा कुठे ते मिळालं. वीस मिनिटं त्यातच गेली. फावडं, टॉर्च, घोंगड्या, खाणं या वस्तू सीटवरून हाताला लागतील अशाच ठेवायला हव्यात, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. टोचनाचा दोर आणि बर्फात चाकांना लावायची चेन डिकीत चालतील.

सायलेन्सरचं मामांना इतकं का वाटत होतं, ते मला ठाऊक होतं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. सायलेन्सर बर्फाखाली गेला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. म्हणून आम्ही तासातून दहाच मिनिटं इंजिन चालवलं. दर वेळी आधी मी उतरून पाइपभोवतीचा बर्फ काढायचो, आणि वारा येत नव्हता त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायचो. मधल्या पन्नास मिनिटांत ऊब होती ती दोन घोंगड्यांची. सोलापूरकडची खरखरीत, मेंढीच्या वासाची घोंगडी. माझं महागडं जॅकेट तिच्यापुढे फिकं पडलं.

खायला गूळ-शेंगदाणे होते. केळी काळी-निळी होऊन दगडासारखी झाली होती. सीटच्या कप्प्यातली बाटली गोठली, मामांनी स्वेटरच्या आत धरलेली तेवढी प्यायला मिळाली.

रात्री एकच्या सुमारास जेसीबीचा दिवा दिसला. टाबोला होमस्टेत पोहोचलो तेव्हा पिकअपवाला दादा मला म्हणाला, "हॅंडब्रेक मत खींचना." खेचलेला ब्रेक गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावला.

सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक. उणे 18 अंशांना बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि थंडीने घट्ट झालेलं ऑइल स्टार्टरला जास्त जोर लावायला लावतं. पिकअप शेजारी आणून जंपर केबल लावल्या. लाल प्लसला प्लस. काळीचं एक टोक त्याच्या मायनसला, दुसरं आमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ उडत नाही. पाच मिनिटांनी गाडी सुरू झाली.

काझाला पोहोचल्यावर चहाच्याही आधी पंप गाठला. रात्रीच्या हीटरपायी काटा खाली आला होता. टाकी पूर्ण भरून घेतली. तिथून पुढे ती निम्म्याखाली जाऊ दिली नाही, मामा दर गावाला काटा बघत होते.